माळरानावर देशी गवत पेरायचे, पण कधी? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

उन्हाळा सुरू झाला की कुरणविकासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: मारवेल, पवना, अंजन यांसारख्या आपल्या देशी गवतांचे बी नेमके कोणत्या दिवसांत टाकावे? त्यामुळे या महिन्याचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. जागेअभावी प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न: आमची आठ एकर मुरमाड पड जमीन मेंढ्यांसाठी राखायची आहे. कोणी सांगतात की वळीव पडताच बी फोकून द्यावे, कोणी मृग साधायला सांगतात. गावातील एक जाणते गृहस्थ म्हणतात, आपल्याकडे खरा पाऊस उत्तरा-हस्तात पडतो, तेव्हाच पेरा. कोणाचे ऐकावे? (एक मेंढपाळ शेतकरी, माण तालुका, जि. सातारा)

उत्तर: तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु तुमच्या जमिनीला मृगाचा उत्तरार्ध आणि आर्द्रा, म्हणजे ढोबळमानाने १५ जून ते ५ जुलै, हा काळ सर्वांत योग्य आहे. कारण समजले तर एखाद्या वर्षी पाऊस लांबल्यास निर्णय तुम्हाला स्वतःच घेता येईल.

गवताचे बी अत्यंत हलके आणि बारीक असते. ते अर्ध्या ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर त्यातील साठा कोंबाला वर येण्यास पुरत नाही, आणि वरच ठेवले तर जमिनीचा तो वरचा पापुद्रा जूनच्या वाऱ्यात एका दिवसात सुकतो. म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पेरणीत आपण ओल किती खोल गेली हे पाहतो, तर गवताच्या बाबतीत त्याबरोबरच पृष्ठभाग किती दिवस ओला राहील हेही पाहावे लागते. मे महिन्यातील वळीव तासाभरात धो धो कोसळतो, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते आणि पुढचे दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहू शकते. विश्रांतीचा काळ संपवून उगवणीस तयार झालेले बी या पावसाने फसते. कोंब येतात आणि करपतात. तेच बी आर्द्रातील ढगाळ, भुरभुर पावसाच्या दिवसांत पडले, तर पाच ते दहा दिवसांत उगवून स्थिर होऊ लागते.

दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण माझ्या मते हंगाम ठरवताना तीच निर्णायक ठरते. गवताचे रोप उगवते तेव्हा त्याला बियातून निघालेले एकच कोवळे मूळ असते. पुढे अनेक वर्षे गवताच्या झुपक्याला धरून ठेवणारी मुळे खोडाच्या तळातून, जमिनीच्या अगदी वरच्या थरातून फुटतात, आणि ती फुटण्यासाठी उगवणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी तो थर पुन्हा एकदा चांगला भिजावा लागतो. ही दुसरी ओल मिळाली नाही, तर हिरवीगार उगवण झालेले कुरणही महिन्याभरात विरळ होते आणि मालकाला वाटते की बियाणेच वाईट होते. म्हणून पेरणीची तारीख ठरवताना त्या दिवसाच्या पावसापेक्षा पुढच्या महिन्याच्या पावसाचा अंदाज महत्त्वाचा असतो. आर्द्रात पेरले तर ही दुसरी ओल पुनर्वसू आणि पुष्यात, म्हणजे आपण ज्यांना तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणतो त्यांतून, मिळण्याची शक्यता असते. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो हे खरे आहे. परंतु तोपर्यंत रोपाची पक्की मुळे धरली असतील तर ते तग धरते.

आता उत्तरा-हस्ताविषयी. माण, आटपाडी, सांगोला या भागांत सप्टेंबरचा पाऊस जूनपेक्षा अधिक भरवशाचा असतो, त्यामुळे तुमच्या गावातील गृहस्थांचे निरीक्षण चुकीचे नाही. अडचण पावसाची नसून उरलेल्या दिवसांची आहे. आपली ही गवते उष्ण हवेत वाढणारी आहेत. २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात त्यांची उगवण आणि वाढ उत्तम होते. सप्टेंबरच्या मध्यास पेरले तर दोन महिन्यांच्या आत रात्री थंड होतात, मुरूम कोरडा पडतो आणि रोप फुटवे धरण्याआधीच हिवाळ्यात सापडते. त्यानंतर सहा-सात महिन्यांचा कोरडा काळ काढणे अशा कोवळ्या रोपाच्या आवाक्याबाहेरचे असते. जूनअखेरीस पेरलेल्या रोपाला मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण सोळा आठवडे मिळतात. जून कोरडा गेला तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबण्यास हरकत नाही. त्यानंतर मात्र मुरमाड जमिनीत बी वाया घालवू नये, ते जपून पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

प्रत्यक्ष पेरणी करताना वीतभर ओल झाल्याची खात्री करून, वापसा येताच, म्हणजे रानात काम करता येईल इतपत जमीन सुकताच, कुळवाने किंवा दाताळ्याने जमीन केवळ वरवर खरवडावी. हेक्टरी चार ते सहा किलो, म्हणजे एकरी दोन किलोच्या आसपास बी किंचित ओलसर वाळूत किंवा बारीक मातीत मिसळून, वारा नसताना सकाळी फोकावे आणि वरून बाभळीची काटेरी फांदी ओढावी. उथळ मुरमावर पवना, थोडी बरी माती असलेल्या सखल भागात मारवेल आणि अगदी कोरड्या, भुसभुशीत जागी अंजन असे वाटप करावे. भारतीय कुरणांचे जे पाच मुख्य गट मानले जातात, त्यांपैकी दख्खनचा गट पवना आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांनी, सेहिमा-डायकँथियम म्हणून, ओळखला जातो. तेव्हा या दोन गवतांना तुमच्या माळावर उपरे वाटण्याचे काही कारण नाही.

प्रश्न: गेल्या दिवाळीच्या सुमारास डोंगरावरून पवन्याचे आणि कुसळीचे बी स्वतः गोळा केले. परतीच्या पावसाची ओल होती म्हणून लगेच पेरले, पण काहीच उगवले नाही. बी वांझ असते का? (एक शिक्षक, पाटोदा, जि. बीड)

उत्तर: बी वांझ होते असे यावरून म्हणता येणार नाही, ते झोपेत होते. कुसळी, पवना, अंजन या गवतांचे ताजे बी पुरेशी ओल आणि ऊब मिळाली तरी उगवत नाही. त्याला कोरड्या अवस्थेत काही महिने काढावे लागतात. जातीनुसार हा काळ कमी-अधिक असतो. अनेक देशी गवतांत तो सहा महिने ते वर्षभराचा धरतात. या व्यवस्थेचा फायदा गवतालाच आहे. बी पिकते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्या वेळी जमिनीत परतीच्या पावसाची ओल असते, आणि तेव्हाच सगळे बी उगवले असते तर पुढच्या उन्हाळ्यात एकही रोप शिल्लक राहिले नसते. हिवाळा आणि उन्हाळा पार पडला की ही झोप ओसरते आणि बी जूनमध्ये तयार असते.

तुम्ही विचाराल की मग तेच बी ऑक्टोबरमध्ये जमिनीत टाकून ठेवले तर काय बिघडले, निसर्ग तरी तेच करतो. निसर्ग तेच करतो, पण तो बी अमाप सांडतो. त्या सात-आठ महिन्यांत मुंग्या, पक्षी, वारा, वणवा आणि जनावरांचे खूर यांतून जे उरते तेवढ्यावर त्याचे भागते. तुमच्या पिशवीभर बियाचे तसे भागणार नाही. बी गोळा करून सावलीत वाळवावे, कापडी पिशवीत हवेशीर जागी ठेवावे आणि पुढच्या किंवा फार तर त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वापरून टाकावे, कारण दोन-तीन वर्षांनंतर उगवणशक्ती झपाट्याने घटते.

गोळा करतानाच एक परीक्षा करावी. गवताचे बी म्हणून जे हाती येते त्यात रिकाम्या टरफलांचे प्रमाण बरेच असते. चिमूटभर बी दोन बोटांत चोळून आत कडक दाणा लागतो का ते पाहावे. मे महिन्यात शंभर बिया ओल्या कापडात गुंडाळून दहा-बारा दिवसांनी किती कोंब आले ते मोजावे आणि त्या प्रमाणात एकरी बी वाढवावे.

कुसळीच्या बाबतीत एक गंमत पाहण्यासारखी आहे. तिच्या बियाला असलेले लांब कुसळ ओल लागली की पीळ सोडते आणि सुकले की पुन्हा पिळले जाते. या फिरण्यामुळे बियाचे टोकदार तोंड मातीत शिरत जाते. म्हणजे ज्या हंगामात पाऊस आणि उघडीप आलटून-पालटून येतात, त्या हंगामात हे बी आपली पेरणी आपणच करते. कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि कातड्यात रुततात, त्यामुळे मेंढपाळांनी या गवताची मुद्दाम पेरणी करू नये असे माझे मत आहे. ते माळावर असतेच. फुलोऱ्याआधी ते कोवळे असताना चारून घ्यावे.

प्रश्न: ग्रामपंचायतीच्या गायरानावर मे महिन्यात बीजगोळे टाकण्याचा कार्यक्रम ठरला आहे. शाळेला सुटी असल्याने मुले सहभागी होऊ शकतात. हा काळ योग्य आहे का? (एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा, मोहोळ तालुका, जि. सोलापूर)

उत्तर: ताई, गोळे मे महिन्यात करावेत आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टाकावेत. मुलांच्या सुटीचा उपयोग गोळे वळण्यासाठी पुरेपूर होईल.

पावसाआधी कोरड्या जमिनीत बी टाकणे, म्हणजे धूळपेरणी, आपल्याकडे नवीन नाही. गवताच्या बाबतीत तिला दोन शत्रू आहेत. पहिला मुंग्या: उघडे बी त्या रातोरात वारुळात नेतात. दुसरा वारा: मे-जूनचा वारा हलके बी बांधाच्या आणि झुडपांच्या आडोशाला नेऊन गोळा करतो. मातीच्या गोळ्यामुळे या दोन्हींपासून संरक्षण मिळते, हे खरे. पण तिसरा धोका वळवाचा आहे आणि त्यावर गोळ्याचा उपाय नाही, कारण एका जोरदार सरीने गोळा फुटतो आणि आतील बी भिजते. मातीच्या एक तृतीयांश शेणखत, तितकीच बारीक वाळू आणि बी असे मिश्रण करून हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या आकाराचे गोळे वळावेत, सावलीत खडखडीत वाळवावेत आणि पोत्यात भरून ठेवावेत. फार मोठे गोळे करू नयेत. त्यांतून पंधरा-वीस रोपे एकाच जागी उगवतात आणि एकमेकांना मारतात.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा असा की तुमच्या गायरानाला पेरणीची गरज आहे का, हे आधी पाहावे. वरकरणी उघड्या-बोडक्या दिसणाऱ्या माळावरही अतिचराईत खुरटलेली बहुवर्षायु गवताची जिवंत खोडे बऱ्याचदा शिल्लक असतात. आर्द्रानंतर माळावरून सरळ रेषेत चालत जावे. दर दोन-तीन पावलांवर असे एखादे ठोंब हिरवे होताना दिसले, तर त्या भागात बी टाकण्यात पैसा घालवू नये. तेथे जून ते नोव्हेंबर कडक चराईबंदी पाळली की गवत आपल्या बियाने पसरते. जेथे दहा-वीस पावले चालूनही काही सापडत नाही, तेवढ्याच तुकड्यांवर गोळे टाकावेत. संपूर्ण गायरान नांगरून नव्याने पेरण्याचा प्रस्ताव कोणी मांडला तर तो जरूर फेटाळावा. नांगराने उरलेसुरले देशी गवत जाते आणि पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

प्रश्न: बियाऐवजी मारवेलचे ठोंब लावायचे असतील तर हंगाम तोच का? (एक वाचक, राहुरी)

उत्तर: थोडा उशिराचा. बियाला वरचा थर ओला हवा, तर ठोंबाला कुदळभर खोल ओल हवी. म्हणून जुलैचे पहिले तीन आठवडे उत्तम. दोन ओळींत आणि दोन ठोंबांत ५० सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी ४० हजार ठोंब लागतात, आणि एवढे आणायचे कोठून हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी पाण्याची सोय असलेल्या दोन-तीन गुंठ्यांवर उन्हाळ्यातच रोपवाटिका धरावी. तुमच्याच गावाजवळच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण तयार केले आहेत. बेण्याची चौकशी तेथे करावी. ढगाळ दिवशी, दोन-तीन फुटव्यांचा ठोंब वरची पाने छाटून लावावा.

प्रश्न: आमची जमीन काळी आहे आणि पाऊसही पश्चिमेपेक्षा जास्त. वरील वेळापत्रक आम्हाला लागू पडते का? (एक शेतकरी, वाशिम जिल्हा)

उत्तर: पूर्णपणे नाही. भारी काळ्या जमिनीत अडचण ओल कमी पडण्याची नसून वापसा न मिळण्याची आणि तणांची आहे. जूनअखेरीस झड लागली की रानात पाय ठेवता येत नाही, आणि तोपर्यंत तणांनी जागा व्यापलेली असते. त्यामुळे पहिल्या चांगल्या पावसाने उगवलेले तण वखराने मोडून त्याच पाठोपाठ, पुढच्या पावसाच्या आत पेरणी उरकावी. मारवेल या जमिनीत उत्तम येते. पवन्याचा आग्रह धरू नये.

प्रश्न: गवतात रानतूर, गोकर्ण यांसारख्या देशी द्विदल वेली मिसळायच्या असतील तर त्यांचे बी वेगळ्या वेळी टाकावे का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: वेळ तीच ठेवावी, तयारी वेगळी करावी. या बियांचे कवच कठीण असते आणि पाणी आत शिरत नाही, म्हणून प्रक्रिया न करता पेरलेले बरेचसे बी पहिल्या वर्षी तसेच पडून राहते. हात पोळेल इतक्या गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, सावलीत सुकवून पेरावे. मात्र सर्वच बियांवर ही प्रक्रिया करू नये. एक चतुर्थांश बी तसेच मिसळले तर पहिली उगवण पावसाच्या खंडात सापडली तरी पुढच्या वर्षासाठी जमिनीत काही शिल्लक राहते.

प्रश्न: मी अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातील टक्सन येथे राहते. घरामागे एक एकर ओसाड जागा आहे. येथील एक मैत्रीण म्हणते की देशी गवत नेहमी नोव्हेंबरमध्ये, थंडी पडण्यापूर्वी पेरायचे असते. साताऱ्याचे माझे आजोबा तर जूनशिवाय बी जमिनीला लावत नसत. (एक वाचक)

उत्तर: तुमची मैत्रीण बहुधा त्याच देशाच्या उत्तरेकडील पद्धत सांगत असावी. नेवाडा, युटा, आयडाहो या राज्यांत पसरलेल्या ग्रेट बेसिन प्रदेशात ओलावा मुख्यतः हिवाळ्यातील बर्फ आणि वसंतातील पाऊस यांतून येतो आणि उन्हाळा कोरडा असतो. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे, जमीन इतकी थंड झाल्यावर की बी उगवूच शकणार नाही, मुद्दाम पेरणी करतात. काही झुडपांच्या बियांची झोप तर ओलसर थंडीत काही आठवडे राहिल्याशिवाय मोडत नाही, म्हणून त्यांना हा हिवाळा आवश्यकच असतो. बर्फ वितळताच ते बी उगवते आणि कोरडा उन्हाळा येण्यापूर्वी मुळे खोल नेते. तेथे हिवाळ्याची थंडी बियाला जपतेही आणि झोपेतून उठवतेही, आपल्याकडच्या थंडीने यांपैकी काहीच होत नाही.

टक्सनला मात्र तुमच्या आजोबांचीच रीत लागू पडते. तेथेही मोसमी पाऊस असतो, तो साधारण जुलैच्या सुरुवातीस येतो आणि वर्षाच्या पावसाचा जवळजवळ निम्मा वाटा त्यातून मिळतो. साइडओट्स ग्रामासारखी तेथील उन्हाळी गवते याच पावसावर उगवतात. फरक इतकाच की तेथील पाऊस तुटक, वादळी सरींचा असतो आणि एका सरीनंतर पृष्ठभाग दोन दिवसांत सुकतो, त्यामुळे ओल पाहून मग पेरायला गेल्यास उशीर होतो. म्हणून तेथे जूनच्या उत्तरार्धात बी मातीत हलके झाकून तयार ठेवणे श्रेयस्कर आहे आणि शक्य असल्यास वर गवताचे पातळ आच्छादन करावे. नोव्हेंबरचा मुहूर्त तेथे वसंतात फुलणाऱ्या पॉपीसारख्या रानफुलांसाठी राखून ठेवावा, ती हिवाळी पावसावर वाढतात.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. भारतातून अंजन गवताचे बी नेण्याचा मोह होऊ देऊ नये. आपल्याकडे उत्तम चारा देणारे हे गवत तेथे बफेलग्रास या नावाने ओळखले जाते. विसाव्या शतकात ते चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी त्या भागात आणले गेले, आणि आज ते सोनोरन वाळवंटात वणवे पसरवून सग्वारो निवडुंगासारख्या, आगीची सवय नसलेल्या वनस्पतींना संपवत आहे. अ‍ॅरिझोनाने त्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले आहे. आपली कुसळी मात्र तेथील डोंगरउतारांवर पूर्वापार आहे; ती शेजारच्या माळावर दिसली तर ओळख जरूर पटेल.

प्रश्न: जूनमध्ये पेरलेल्या कुरणात मेंढ्या कधी सोडाव्यात? आमचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. (एक धनगर युवक, फलटण तालुका)

उत्तर: पहिल्या पावसाळ्यात अजिबात सोडू नयेत. नोव्हेंबरमध्ये बी झडून गेल्यावर, जमिनीपासून चार बोटे उंची राखून गवत विळ्याने कापावे आणि वाळवून ठेवावे. तुमचे कळप हिवाळा-उन्हाळा बाहेर असतात, ही तुमच्या दृष्टीने मोठी सोय आहे. खरी कसोटी परतल्यानंतरची असते: दुसऱ्या वर्षीच्या मृगात जुन्या ठोंबांना कोवळे फुटवे येतात, ते मुळांतील साठ्यावर आलेले असतात, आणि नेमके तेव्हाच चारा कोठेच नसल्याने मेंढ्या त्यावर तुटून पडतात. त्या वर्षी आर्द्रा संपेपर्यंत कळप कापून ठेवलेल्या वाळल्या गवतावर आणि इतरत्र काढावा. गवत गुडघ्याला लागले की कुरणाचे चार भाग पाडून एकेक भाग चारावा, आणि दरवर्षी त्यांतील एक भाग आळीपाळीने बी झडेपर्यंत राखून ठेवावा. त्या भागातील बी पुढच्या जूनमध्ये विरळ जागी फोकता येईल.